तेवढीच दोरी

धाकटीचं पत्र आलं, तेव्हा काकांनी ते दोनदा वाचलं आणि जाड शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर द्यायचं राहिलं असं म्हणता आलं नसतं. राहून जायला ते काही इतके कामात नव्हते. रोज सकाळी ते कागद पुढे ओढत, ‘चि. धाकटी, आशीर्वाद’ एवढं लिहीत आणि मग खिडकीतून खालच्या मोकळ्या जागेकडे बघत बसत.

पत्र लहानच होतं. ‘काका, बाबांनी जाण्यापूर्वी मागची जागा दोरीने मोजून दोघांत वाटली. दादा म्हणतो, दोन्ही तुकडे सारखे. मला भूमिती तुम्ही शिकवलीत, म्हणून तुम्हालाच विचारते. सारखे आहेत का? हो म्हणालात तर सही करीन. नाही म्हणालात तर भांडीन. तुम्ही काहीही म्हणा, पण म्हणा.’

काकांनी त्याच दिवशी जागेच्या नकाशावरून गणित मांडलं होतं. उत्तर आलं होतं. पण तीस वर्षं मुलांना ‘उत्तर आलं की पडताळून बघा’ असं सांगणाऱ्या माणसाला पडताळणी कुठे थांबवायची हे कळेनासं झालं होतं. त्यांनी पुन्हा मांडलं, पुन्हा तेच आलं. मग त्यांना वाटलं, आपण फूटपट्टी धरायला चुकलो असू. मग वाटलं, मोजायला आपण कोण? खालच्या तंबूंच्या कारखान्यात मोजणारे हात तिन्ही पिढ्यांचे होते. वरच्या खोलीत पुस्तकं घेऊन राहणारा, त्याच घरात दोन वेळा जेवणारा माणूस, त्याने त्या हातांना चुकलात म्हणायचं?

एका शनिवारी सकाळी खालून मोठ्याचा, धाकटीच्या दादाचा, आवाज आला, "काका, या खाली! गवंडी आलाय. भिंत घालायच्या आधी सगळ्यांसमोर एकदा होऊन जाऊ दे."

काका चपला शोधत बराच वेळ जिन्यात थांबले.

*

कारखान्याच्या मागे ही जागा. तंबू, दुकानांवरची छतं, मालगाड्यांवरच्या ताडपत्र्या शिवून झाल्या की इथेच पसरून बघायच्या. जागेला चार कोपरे: फाटक, मागच्या कुंपणातला दगड, दिव्याचा खांब आणि शेजारच्या गोदामाचा कोपरा. फाटकापासून दगडापर्यंत थोरल्यांनी, म्हणजे मोठ्याच्या आणि धाकटीच्या वडलांनी, सरळ रेघ मारून दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. खांबाकडचा त्रिकोण मोठ्याचा. गोदामाकडचा धाकटीचा. आता त्या रेघेशेजारी विटांचा ढीग होता आणि गवंडी त्या विटांवर बसून चहा पीत होता.

मोठ्या दोरी घेऊन उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, कात्रीने बोटांना घट्टे पडलेला माणूस. पण काका आणि आत्या अजून त्याला मोठ्याच म्हणत. सूनबाई, त्याची बायको, कापडाच्या कोठीच्या दारात उभी होती. आत्या, काकांची धाकटी बहीण, खुर्ची उन्हात ओढून बसली होती. चाळीस वर्षं शिलाईयंत्र चालवून तिची पाठ वाकली होती, जीभ मात्र वाकली नव्हती.

"बघा," मोठ्या म्हणाला. त्याने दोरी फाटकापासून खांबाला, खांबापासून दगडाला, दगडापासून परत फाटकाला फिरवली. तंतोतंत पुरली. तीच दोरी त्याने दुसऱ्या तुकड्याभोवती फिरवली. फाटक, दगड, गोदामाचा कोपरा, फाटक. तंतोतंत पुरली. "इकडे एकशे ऐंशी फूट, तिकडे एकशे ऐंशी फूट. बाबांनी केलं तसंच. एक बोटभर इकडचं तिकडे नाही."

"झालं की मग," आत्या म्हणाली. "धाकटीला आणखी काय हवंय, दोरी गळ्यात घालायला?"

"आत्या!" सूनबाई म्हणाली.

"काय आत्या? मला वाटणीत काय मिळालं होतं? मला कुणी दोरीसुद्धा दाखवली नाही. यंत्रापुढे बसवलं आणि म्हणाले, हे तुझंच घर. हिला निम्मं मिळतंय, तर ही गावाहून पत्रं लिहिते!"

आत्याला धाकटीचा राग नव्हता. आपल्याला न मिळालेली गोष्ट दुसऱ्या कुणाला मिळते आणि ती तिला पुरत नाही, याचा राग होता. त्यातून दोरीवर शंका घेतलेली तिला सहनच होईना. या घरात काम दोरीवर मोजलं जाई. तंबूच्या काठाला दोरी शिवायची असते आणि शिवणाऱ्याचा दिवस त्या काठातच जातो. ‘आज किती दोरी झाली?’ असं थोरले संध्याकाळी विचारत. दोन छतांना दोरी सारखी लागली, तर ती दोन छतं सारखी. चाळीस वर्षं ती हेच समजून शिवत आली होती.

"भांडण संपलंय आता," मोठ्याने खिशातून फोन काढून दाखवला. "काल बोललो तिच्याशी. म्हणाली, काकांना मान्य असेल तर माझी ना नाही, कागद पाठव. आज पाठवतोय."

काका विटांच्या ढिगाला वळसा घालत होते, ते थांबले.

"मला काय मान्य असेल तर?"

"हेच. वाटणी. मी तिला म्हटलं, काका गणिताचे मास्तर, इतके महिने खिडकीतून बघतायत, एक शब्द बोलले नाहीत. चूक असती तर बोलले नसते का? काकांना मान्य आहे म्हटलं."

काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हे त्यांना सहसा व्हायचं ते कुणी चारचौघांत त्यांचं कौतुक केलं की. आज वेगळं होतं. आपण बोललो नाही, एवढीच आपली एक गोष्ट होती, आणि तीही या मुलाने उचलून कागदाला डकवली होती.

"मला मान्य नाही," काका म्हणाले.

आवाज इतका बारीक आला, की गवंडी म्हणाला, "काय म्हणाले मास्तर?"

"मान्य नाही म्हणालो! मी असं कधी म्हणालो नाही. मी काहीच म्हणालो नाही. आणि माझ्या गप्प बसण्यावर तू माझी सही उमटवलीस? कुणाला विचारून?"

गवंड्याने कप खाली ठेवला. सूनबाई दारातून एक पाऊल पुढे आली. तिच्या लग्नानंतर काकांचा आवाज चढलेला तिने पहिल्यांदाच ऐकला.

"काका, चिडताय कशाला?" मोठ्या म्हणाला. "चूक असेल तर सांगा ना. तोंड होतं ना इतके दिवस?"

"होतं. वापरलं नाही. आता वापरतोय. तुकडे सारखे नाहीत. दोरी सारखी म्हणून जागा सारखी होत नाही. तुझा तुकडा मोठा आहे."

मग मोठ्याच्या गळ्याची शीर फुगली.

"म्हणजे मी चोर?"

"मी तसं..."

"नाही, म्हणा की! मी बहिणीचं खाल्लं. आणि बाबांनी? ही रेघ मी मारली का? बाबा शेवटच्या दिवसांत धाप लागत असताना स्वतः दोरी धरून फिरले. दोन्ही पोरांना सारखं मिळावं म्हणून. तुम्ही वरून बघत होतात. आणि आज ते नाहीत, तर तुम्ही त्यांना खोटं ठरवता?"

"भाऊ, शोभतं का हे?" आत्या म्हणाली. "ज्याने तुला वर खोली दिली, त्याच्या मागे..."

हे बोलणं काकांच्या वर्मी लागलं. हीच तर भीती त्यांना त्या कागदापुढे रोज थांबवत होती. एरवी ते इथेच माघारी फिरले असते. चूक माझीच असेल, असं म्हणून जिना चढले असते. पण डोळ्यांपुढे धाकटी येत होती. सातवीत असताना फळ्यापुढे उभी राहून विचारायची, ‘पण का, काका?’ आणि उत्तर पटल्याशिवाय जागेवर जायची नाही. ती धाकटी न पटलेल्या कागदावर सही करायला तयार झाली होती. का, तर काकांना मान्य आहे म्हणून.

"थोरला खोटा नव्हता," काका म्हणाले. "चुकला. आणि मी चुकलो असेन तर तेही आत्ता कळेल. माझ्या गणितावर विश्वास ठेवू नका. मोठ्या, अस्तराचं कापड आण. तू काप. माझा हात लावायचा नाही."

"कशाला?"

"तुझी कात्री घरात सगळ्यांत सरळ चालते म्हणून."

*

सूनबाईने कोठीतून अस्तराचा पांढरा तागा आणला. तो खांद्यावरून आणताना तिच्या मनात एक गोष्ट वळवळत होती आणि ती तिला दाबता येत नव्हती.

गेली पंधरा वर्षं कापड तीच मोजून देत होती. दोन दुकानांची छतं एकदाच शिवायला आली, की दोन्हींना दोरी सारखी लागली तरी लांबट छताला कापड कमी लागतं, हे तिला ठाऊक होतं. उरलेलं कापड तीच घडी करून ठेवायची. सासऱ्यांनी जागेला दोरी फिरवली, त्या दिवशी तिला ते आठवलंही होतं. पण सून म्हणून आलेल्या बाईने नणंदेची बाजू घेऊन सासऱ्याला शिकवायचं? आणि तेही नवऱ्याच्या वाट्याला जास्त येत असताना? ती गप्प राहिली होती. काका वर गप्प, ती खाली गप्प. आणि मोठ्या दोघांच्या मधे बरोबर ठरला होता.

"फुटाला इंच," काका सांगत होते. "तुझा तुकडा आधी. पाया पन्नास, दोन्ही बाजू पासष्ट-पासष्ट. मग तिचा. ऐंशीची लांब बाजू, आणि पन्नास-पन्नास."

मोठ्या रागाने कापत होता. तरी कात्री रेघ सोडत नव्हती. दोन त्रिकोण जमिनीवर पसरले. त्याचा उंच, अणकुचीदार. तिचा लांब आणि बुटका.

"डोळ्यांना सारखेच दिसतात," आत्या म्हणाली, पण ‘सारखेच’ जरा हळू म्हणाली.

"डोळ्यांचं सोड. मोठ्या, तुझ्या त्रिकोणाच्या दोन सारख्या बाजू एकमेकींवर ठेवून घडी घाल."

मोठ्याने घडी घातली. टोकावर टोक, काठावर काठ बसला.

"दोन अर्धे एकमेकांवर बसले?"

"बसले. तेवढं कळतं मला."

"तेच एकरूप त्रिकोण. तिन्ही बाजू तिन्ही बाजूंना मिळाल्या. म्हणजे दोन्हींचं क्षेत्रफळ एकच, यात वाद नाही. आता घडी मोज."

"साठ."

"आणि पायाचा अर्धा?"

"पंचवीस. पन्नासाचा अर्धा पंचवीस, यात काय मोठं?"

"काही मोठं नाही. घडीवर काप. एक अर्धा उलटा फिरवून दुसऱ्याला तिरप्या बाजूने जोड."

मोठ्याने जोडला. जमिनीवर चौकोनी कापड तयार झालं. साठ इंच लांब, पंचवीस रुंद. गवंडी उठून बघायला आला. "फरशीसारखी झाली की हो मास्तर."

"आता तिचा. तसंच."

तिच्या त्रिकोणाची घडी तीस इंच निघाली. पायाचा अर्धा चाळीस. कापलं, फिरवलं, जोडलं. चाळीस बाय तीसचा दुसरा चौकोनी तुकडा.

काकांना इथे वाटलं, आता आपण काहीही बोलायचं नाही. बोललो तर शिकवल्यासारखं होईल, आणि मोठ्या लहानपणापासून शिकवल्यावर बिथरतो. ते मागे सरले.

"ठेवा एकावर एक," गवंडीच म्हणाला. विटा रचणाऱ्याला ते आपोआप सुचलं.

मोठ्याने धाकटीचं कापड आपल्या कापडावर ठेवलं. एक कोपरा जुळवला. एका अंगाला तिचं कापड पाच इंचांनी बाहेर आलं. मोठ्याचा चेहरा उजळला. "हे बघा! हिचंच जास्त!"

"आणि इकडे?" सूनबाई म्हणाली. ती केव्हा खाली बसली, कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या अंगाला मोठ्याचं कापड वीस इंच उघडं पडलं होतं. "तिची बाहेर आलेली पट्टी कापा. इकडे लावा."

मोठ्याने बायकोकडे बघितलं. तिने कात्री त्याच्या हातातून काढून घेतली नाही. फक्त पट्टीवर बोट ठेवलं. त्याने पट्टी कापली. चाळीस इंचांची, उघड्या जागेला लांब पडत होती. मधोमध कापून दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. कडेला कड लावून बसल्या.

आणि मोठ्याचं कापड तरीही उघडंच राहिलं. जेवायच्या ताटाखाली पसरायला पुरेल एवढं. मोठ्याने पट्ट्या उचलल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा तेवढंच उरलं. त्याने मोजलं. वीस बाय पंधरा.

"हे काय?" तो म्हणाला.

"हे तुमच्याकडे जास्त आलंय," सूनबाई म्हणाली. "अहो, लांबट छताला दोरी तेवढीच लागते, पण कापड उरतं. मी दर वेळी घडी करून ठेवते. तुम्हालाही ठाऊक आहे. उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवायला तुम्हीच सांगता."

"तुला ठाऊक होतं?"

"मला कापडाचं ठाऊक होतं. जमिनीचं कुणी मला विचारलं का?"

"सांगायचंस ना!"

"कुणाला? मामंजींना? तुम्हाला? आज काकांना काय ऐकावं लागलं, ते ऐकलंत ना? मी बोलले असते तर मला काय ऐकवलं असतंत?"

मोठ्या आणखीच तापला. "सगळे शहाणे! वर एक गप्प, घरात एक गप्प, आणि मी गावभर सांगत फिरतोय की सारखं वाटलं! लोक काय म्हणतील? बहिणीला फसवलं म्हणतील. मी फसवलं नाही, काका! दोरी फिरवली मी. शपथेवर सांगतो!"

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "म्हणून तर तुला कापायला सांगितलं. फसवणाऱ्याच्या हातात मी कात्री दिली नसती."

आत्या मात्र कापडाकडे बघत बसली होती. तिने वाकून तो उघडा भाग तळव्याने चाचपला, सुरकुती काढावी तसा. चाळीस वर्षं. ऐसपैस तंबूंना आणि लांबट छतांना तिने एकच दिवस मोजला होता. थोरल्यांनी विचारायचं ‘किती दोरी’, आणि तिने दोरी सांगायची. कापडाचा, त्या कापडाखाली किती माणसं बसतील याचा, कधी कुणी प्रश्नच काढला नव्हता.

"दगड पडो त्या दोरीवर," ती अचानक म्हणाली. "आणि माझ्यावरही. पोरीला मी काय काय बोलले! मोठ्या, ती खुंटी काढ."

"आत्या, तुम्ही तर आत्ता..."

"आत्ता बोलले ते आत्ताचं. मला काही मिळालं नाही म्हणून तिला कमी मिळावं, हा कुठला न्याय? काढ म्हणते ना! नाहीतर मी काढते."

आणि ती खरोखर उठली. गवंड्याने धावत जाऊन तिचा हात धरला. "आजी, लोखंडी आहे. मला काढू द्या."

"पण सरकवायची किती?" मोठ्या ओरडला. "ते तरी कुणी सांगेल का, की आता सगळ्यांनाच सगळं ठाऊक आहे?"

सगळे काकांकडे बघू लागले. काकांना नेहमीचं झालं. हात खिशात गेले. पण हे उत्तर त्यांनी इतक्यांदा पडताळलं होतं, की ते चुकायला जागाच उरली नव्हती.

"उरलेलं कापड निम्मं कर. निम्मं तुझं, निम्मं तिचं. ते निम्मं तुझ्या सगळ्या कापडाचा बरोबर दहावा भाग भरतं. म्हणून फाटकाकडची खुंटी तशीच ठेव. दगडाजवळची खांबाकडे सरकव. दगडापासून खांब पासष्ट फूट. त्याचा दहावा भाग."

"साडेसहा," सूनबाई म्हणाली.

"साडेसहा फूट. फाटकातून बघितलं तर उंची तीच, पाया दहावा. जमीनही दहावीच जाते."

"साडेसहा फुटांसाठी एवढं रामायण," गवंडी पुटपुटला.

"तुझ्या भिंतीच्या पायाखाली गेले असते ते साडेसहा फूट," आत्या म्हणाली. "मग काढले असतेस का उकरून?"

*

खुंटी मोठ्यानेच उपटली. इतक्या जोराने, की मागच्या मागे पडता पडता वाचला. कुणी हसलं नाही. फीत धरून त्याने दगडापासून साडेसहा फूट मोजले, एकदा, मग पुन्हा, आणि बायकोला म्हणाला, "तू बघ." तिने बघितलं. मग त्याने खुंटीवर हातोडा घातला. प्रत्येक घावाबरोबर तो काही ना काही बोलत होता. एक घाव बाबांच्या नावाने, एक काकांच्या, एक गावाच्या. राग कुणाचा होता आणि कुणावर, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. पण खुंटी सरळ बसली.

"तो कागद फाडा," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "नवा करू. आणि काका, तिला मी फोन करतो."

"नको," काका म्हणाले. "तिने मला पत्राने विचारलंय."

ते वर गेले. शब्दकोशातलं पत्र काढलं, सकाळचा कागद पुढे ओढला. ‘चि. धाकटी, आशीर्वाद’च्या खाली त्यांनी लिहिलं: ‘तुकडे सारखे नव्हते. मला मान्य आहे असं तुला कळवलं गेलं, ते मी कधी म्हणालो नव्हतो. दादाने आज आपल्या हाताने खुंटी सरकवली आहे. आता बहुधा सारखे आहेत.’

त्यांनी वाचलं. ‘बहुधा’ खोडलं. पुढे लिहिलं: ‘ये आणि स्वतः मोज. दोरी आणू नकोस.’

उरलेल्या कापडातला तिचा निम्मा तुकडा सूनबाईने घडी करून काकांच्या हातात ठेवला होता. तो पाकिटात घातल्यावर पाकीट उशीसारखं फुगलं. काका रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि अडकलं. एरवी त्यांनी ते परत काढलं असतं, घरी नेलं असतं, सुटसुटीत मजकूर पुन्हा लिहू म्हटलं असतं.

रस्त्यापलीकडून हातोड्याचा आवाज अजून येत होता. काकांनी चष्मा खिशात घातला, दोन्ही तळवे पाकिटावर ठेवले आणि ते आत पडेपर्यंत ढकललं.